अंगाखाली लोखंड

मामंजींनी तो पांढरा चेंडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि बोट काढून घेतलं. चेंडू जरा वेळ उभा राहिला. मग निघाला. संध्याकाळचं वासरू गोठ्याकडे जातं तसा सावकाश फळ्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथंच बसला.

"पन्हळला फळा. मधी खोल झाला," मामंजी म्हणाले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढून उठून पडवीत आल्या. त्यांनी चेंडूकडे बघितलं, मग मामंजींकडे. "खेळणाऱ्या पोरांचं चांगलं झालं की. चेंडू हुडकाया लांब जायला नको."

मामंजी हसले नाहीत. एरवी हसले असते.

ही चौसष्ट सालातली, ऐन चैत्रातली गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. तांबवडला सासर. घराच्या पुढच्या पडवीत मामंजींचं सुतारकाम चालायचं. दारं, पाळणे, नांगर, लग्नातले पाट, सगळं त्यांच्या हातचं. फळीला रंधा मारायला लागले की ढलप्या कागदासारख्या पातळ निघायच्या आणि मी त्या चुलीला न घालता उगीच जमवून ठेवायची. रंध्याला हात लावायची मात्र सोय नव्हती. फळीचं दुसरं टोक धरायचं, भुसा झाडायचा, सरस गरम करून द्यायचा, एवढंच माझं काम.

त्या वर्षी हायस्कूलच्या साबळे हेडमास्तरांच्या मनात आलं की शाळेत टेबल टेनिस पाहिजे. टेबलाचे दोन अर्धे असतात. एकेक अर्धा साडेचार फूट लांब आणि पाच फूट रुंद, आणि पाण्यासारखा सपाट. आता पाच फूट रुंद झाड कुठून आणायचं? सहा-सहा इंची सागवानी फळ्या शेजारी शेजारी ठेवून, कडेला सरस लावून, त्यांचा एक फळा करायचा, आणि सरस वाळेपर्यंत सगळ्यांना दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरायचं. मामंजींची रीत जुनी होती. फळ्यांभोवती सुंभाचा दोर गुंडाळायचा आणि दोरात पाचरी ठोकायच्या. दोन फुटी दाराला ती चालायची. पाच फुटांना चालेना. पहिला फळा परातीसारखा झाला. हा दुसरा. दर वेळी गरम पाण्यानं सांधे उकलायचे, फळ्या पुन्हा रंधायच्या, आणि दर वेळी लाकूड थोडं थोडं कमी व्हायचं.

"आता एकदाच जोडता येईल," मामंजी म्हणाले. "त्यातनं पुन्हा रंधलं तर माप बसत न्हाई." ते खाली बसले, टोपी काढली. "पर म्या न्हाई जोडणार. उद्या जाऊन हेडमास्तरांना सांगतो, टेबल मुंबईसनं मागवा म्हणून. आन् पोराला कळवतो. खोल्या बघितल्यात न्हवं त्यानं? जाऊया समदीच."

पोरगा म्हणजे आमचे हे. ते पुण्याला कारखान्यात होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि हे दर दिवाळीला आणि गणपतीला यायचे. आदल्याच आठवड्यात त्यांचं पत्र आलं होतं: खडकीला दोन खोल्या मिळताहेत, बापूंनी आता काम पुरे करावं, सगळ्यांनी इकडं यावं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

म्हणजे फळा वाकला हे माझ्या फायद्याचंच होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी काही इतकी बावळट नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी हेडमास्तरांच्या गावाला जायला एस.टी.त बसले. सुट्टीमुळं हेडमास्तर त्यांच्या गावी होते, पाच कोसांवर. मी घागर घेऊन आडावर निघाले.

त्या दिवसांत गावात नळ येणार होता. पहिला नळ चावडीपुढं बसायचा होता आणि त्याच्या पाइपांचा ढीग आमच्या घराला लागूनच मारुतीच्या पाराखाली पडलेला होता. समशू फिटर उकिडवा बसून पाइपाच्या टोकाला आटे पाडत होता. मी रोज त्याच्यावरून जायची, कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. तो एक दांडा फिरवत होता, तेल सोडत होता, आणि पाइपाच्या टोकावर एकामागून एक बारीक वळसे उमटत होते.

हे वळसे मी कुठंतरी बघितले होते. बाहेरून नव्हे, आतून.

मी घागर तिथंच ठेवली आणि घरात पळाले. स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर एक लोखंडी ठोकळा होता. दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या भावानं मुंबईहून गोदीतून एक पोतं पाठवलं होतं, "सुताराच्या कामाची वस्तू आहे, जहाजावरची" अशी चिठ्ठी घालून. पोत्यात आठ लोखंडी तुकडे. चार एका जातीचे, त्यांना मोठा स्क्रू आणि मुठीचा दांडा. चार दुसऱ्या जातीचे, त्यांच्या पाठीत पोलादी चकत्या. काय करायचं ते कुणालाच कळेना. मामंजींनी उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "अर्धी वस्तू हाय ही. अर्धी जहाजावरच ऱ्हायली." मग ते तुकडे घरात पांगले. एक बरणीवर, एक दाराला अडसर, दोन परसात. शेजारच्या गंगूनं तर एकाला शेळी बांधली होती.

मी बरणीवरचा तुकडा उचलला. त्याच्या भोकात बोट घातलं. आत आटे होते.

समशूच्या पुढ्यातला पाइप मी उचलला आणि टोकावर तो तुकडा ठेवून फिरवला. तो चढला. गरगर फिरत चढला, जन्मापासून त्या पाइपाचाच असल्यासारखा.

"वैनी," समशू म्हणाला, "सरकारी पाइपावर लोणच्याचा मसाला लागला."

"गप. ते दाराचं आण."

त्यानं आणलं. दुसऱ्या जातीचा तुकडा पाइपावरून मोकळा सरकत होता, आणि उलटा ओढला की तिथंच दात रोवून बसत होता. म्हणजे एक जबडा पाइपाच्या एका टोकाला पक्का, दुसरा पाहिजे तिथं. मध्ये काय धरायचं ते धरा आणि स्क्रू पिळा. पाइप जेवढा लांब तेवढी रुंद वस्तू धरता येईल. मामंजी म्हणाले होते ते खरं होतं, ती अर्धीच वस्तू होती. उरलेली अर्धी जहाजावर नव्हती. ती आमच्या पारावर पडलेली होती.

मला हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना. समशू माझ्याकडे बघून हसायला लागला, कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

"सहा फुटी चार पाइप दे," मी म्हणाले. "उद्या दुपारी परत."

"ओव्हरसियर साहेब मोजतात वैनी. डबीर साहेब. पण ते शुक्रवारी येणार. आज बुधवार." त्यानं विचार केला. "न्या. फक्त वाकवू नका."

"वाकवायचे नाहीत म्हणूनच तर नेतेय."

आठही तुकडे गोळा केले. शेवटच्यासाठी गंगूची शेळी सोडावी लागली. ती मोकळी सुटली आणि अर्धा तास गल्लीत पळत होती, पण त्याला माझा इलाज नव्हता.

आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुला येतंय का?"

"नाही."

"मग मला बी येत न्हाई. दोघी सारख्याच."

सांधे मामंजींनी आदल्या रात्रीच उकलून, रंधून ठेवले होते. रागानं ठेवले होते, पण मामंजींचा रागातला रंधासुद्धा सरळ जायचा. मी फळ्या उन्हात पसरल्या म्हणजे सरस लवकर गोठणार नाही. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि त्या पाण्यात सरसाचं भांडं. सरसाचा वास ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. मेलेलं जनावर आणि गूळ एकत्र शिजवल्यासारखा वास. आत्याबाईंनी नाकावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो वास निघाला न्हाई तर पुण्याला कोन घरात घेणार आपल्याला?"

सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आधी दोन पाइप आडवे टाकले. त्यावर फळ्या ठेवायच्या. वरून आणखी दोन पाइप.

"वरून कशाला? खालून चौघं धरतील की," आत्याबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, पापड कसा वाकतो?"

"एका अंगानं ऊन लागलं की."

"मग दोर एका अंगानं ओढतो तेव्हा फळा वाकणारच. दोन खालून, दोन वरून. एकानं खाली वाकवलं तर दुसऱ्यानं वर."

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पापडाचं नव्हे, काहीतरी वेगळंच बोलले. मग म्हणाल्या, "बरं. चल."

लोखंडाला सरस लागला की सागवानावर काळा डाग पडतो, म्हणून पाइप आणि फळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्या. आणि घायपाताच्या कुंचल्यानं सरस लावायला सुरुवात केली. मी एका टोकानं, आत्याबाई दुसऱ्या. दहा फळ्या, नऊ सांधे, आणि सरस कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या फळीला आत्याबाईंचा पदर चिकटला. पाचवीला माझं कोपर. सातवीला आत्याबाई ओरडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला.

"अनसे."

"काय?"

"माझी बांगडी फळीला बसलीया."

"हात तसाच ठेवा. आधी जबडे आवळते."

"आगं, मी बी फळ्यात ऱ्हायची!"

"मग टेबलावर तुमचं नाव घालू."

त्या हसायला लागल्या, आणि हसण्यानं बांगडी सुटली. मी स्क्रूचे दांडे पिळायला लागले. एकदा खालचा, एकदा वरचा, पुन्हा खालचा. प्रत्येक पिळ्याला सगळा फळा हलका कुरकुरायचा, आणि मग सांध्यांतून सरस वर आला. ओघळ नव्हे. मणी. प्रत्येक सांध्यात एका ओळीत, सारख्या अंतरावर, मधाच्या रंगाचे बारीक मणी. नऊ सांधे, नऊ माळा.

मी तसं काही आधी बघितलं नव्हतं. मी घोडीला धरून खाली बसले. हसू येत होतं.

आत्याबाई शेजारी बसल्या. हाताला सरस, केसांना सरस. "एक इचारू?"

"विचारा."

"ह्यो फळा वाकला तर तू पुण्याला जातीस. नवऱ्यापाशी. सरळ निघाला तर हितंच ऱ्हातीस, म्हातारा-म्हातारीपाशी. मग एवढा जीव का काढतीस?"

 मी मण्यांकडे बघत बसले.

पाचच्या सुमाराला समशू परसातून पळत आला. "मावशी, साहेब आला. दोन दिवस आधी आला. साताऱ्याचे मोठे साहेब उद्याच येताहेत, दहा वाजता नळाचं उद्घाटन. पाइप मोजले. चार कमी. आता पारापासून एकेका घरात बघत निघालेत. पहिलं घर तुमचंच."

मी जबड्याच्या दांड्याला हात घातला. आत्याबाईंनी माझ्या हातावर चापट मारली.

"सोडलं तर?"

"फळा गेला. सकाळपर्यंत हलवायचा नाही."

"मग हलवू नगस. गादी आण."

मला कळायच्या आत त्यांनी फळ्यावर जुनी पांघरुणं टाकली, त्यावर गादी. "चढ."

"आत्याबाई, वरचे पाइप…"

"चढ म्हनते न्हवं. पोटात दुखतंय तुझं."

मी चढले. दोन पाइप, एक खांद्याखाली, एक कमरेखाली. आत्याबाईंनी माझ्यावर गोधडी ओढली ती डोक्यापर्यंत. आणि दारात बूट वाजले.

"आत येऊ का?" पुण्याकडचा स्वच्छ आवाज. "मी डबीर. नळयोजनेचा ओव्हरसियर."

"या की. पर जपून बोला, सुनंला बरं न्हाई."

"अरेरे. काय होतंय?"

"पोटात दुखतंय. मघापास्नं तळमळतीया."

मी कण्हायला सुरुवात केली. आता कण्हणं आणि हसणं दाबणं यांत फार फरक नसतो. गोधडी माझ्या दातांत होती. डबीर साहेब जरा घाबरले असावेत, कारण त्यांचे बूट दाराकडे सरकले. तेवढ्यात दारात दुसरा आवाज आला.

"काय झालं? कोन आजारी हाय?"

मामंजी एस.टी.तून उतरून थेट आले होते. हेडमास्तर घरी नव्हतेच, ते उद्घाटनासाठी उद्या गावातच येणार होते, त्यामुळं सगळा फेरा फुकट गेला होता. आणि आता आपली सून पडवीत, कामाच्या घोड्यांवर, गोधडीखाली कण्हताना बघून मामंजींचा चेहरा पडला असणार. मला दिसत नव्हतं, पण ते जवळ येऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पोरी, लई दुखतंय का?"

आता माझं हसू खरंच आटलं. मामंजींच्या गळ्यात माळ होती. मांसमच्छी वर्ज्य, आणि खोटं बोलणं वर्ज्य. आत्याबाईंना माळ नव्हती, त्या पाहिजे ते बोलू शकत होत्या. पण मामंजींना कुणी सरळ विचारलं तर ते सरळ सांगणार. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी "मुलाला काही व्यसन?" विचारलं तेव्हा "चोरून इडी ओढतो" हे त्यांनीच सांगितलं होतं.

मामंजींचा हात फळ्याच्या कडेला लागला. मग थांबला. बाहेर आलेल्या पाइपाच्या टोकावर लोणच्याच्या बरणीवरचा जबडा होता, तो त्यांनी बघितला असणार. मग हात फळ्याच्या खाली गेला. मला गादीतून कळत होतं. बोट खालच्या सांध्यावरून पुढं गेलं, अगदी सावकाश. मणी मोजत गेल्यासारखं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग दुसऱ्या सांध्यावरून.



"मिस्त्री," डबीर साहेब म्हणाले, "चार पाइप गायब आहेत. सहा फुटी. तुम्ही पाहिलेत का?"

"म्या सकाळपास्नं गावातच नव्हतो सायेब. ह्यो आत्ता उतरतोय. टोपीवर धूळ हाय बघा."

"बरोबर. आणि हे काय आहे? यांच्या अंगाखालून काय बाहेर आलंय?"

"लोखंड."

"आजारी माणसाच्या अंगाखाली लोखंड?"

"बाळंतिणीच्या उशाखाली इळा ठेवत्यात, ठावं असंल तुमास्नी."

"हो, माझ्या बहिणीच्या वेळेला आईनं ठेवला होता. मग या बाळंतीण आहेत?"

"न्हाई."

"मग?"

"तिथं इळा उशाखाली असतोय. हितं लोखंड अंगाखाली हाय. एवढंच सांगतो म्या."

"एवढं मोठं?"

"दुखनंच मोठं हाय सायेब."

माझ्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. आत्याबाईंनी गोधडीवरून माझ्या पायाला चिमटा काढला. डबीर साहेबांनी नाकानं वास घेतला. "आणि हा वास?"

"औषिधाचा," आत्याबाई घाईनं म्हणाल्या.

"कसलं औषध?" साहेबांनी मामंजींना विचारलं.

"सरस हाय."

"सरस असेल हो, पण नाव काय त्याचं?"

"तेच नाव," मामंजी म्हणाले.

आता मात्र माझा निभाव लागला नाही. मी हसले. गोधडीत तोंड खुपसून, पोट धरून, सगळी घोडी हलेपर्यंत हसले. आत्याबाई "आगं आगं" करत होत्या आणि त्या करता करता त्याही हसायला लागल्या. गोधडी सरकली, गादी सरकली, आणि फळ्याचा एक कोपरा उघडा पडला. सागवानाचा, नवा, पिवळट. त्याच्यावर सरकारी पाऊण इंची पाइप.

मी डोळे उघडले. डबीर साहेब पाठीवर हात बांधून उभे होते. तीस-बत्तीसचे, चष्मा, घामानं ओला सदरा. पाइपाकडे नव्हे, फळ्याकडे बघत होते.

"हा कशाचा फळा?"

मामंजींना सरळ विचारलं होतं. ते सरळ बोलले. "शाळेच्या टेबल टेनिसचा. आर्धा."

"साडेचार बाय पाच?"

"व्हय."

साहेब खाली वाकले. घोडीखालून वर बघितलं. "दोन वरून, दोन खालून. आलटून पालटून. क्लॅम्प असे लावायचे कुणाला सुचलं?"

मामंजींनी माझ्याकडे हात केला. मी घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला. केसाला सरस होता, पदर तिथंच चिकटला.

साहेब उभे राहिले. चष्मा पुसला. "मी कॉलेजात खेळायचो. इथं बदली झाली तेव्हा ट्रंकेत बॅट टाकून आणली, कोण जाणे कशाला. वर्ष झालं, ट्रंक उघडलेली नाही." मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि आवाज पुन्हा सरकारी केला. "मिस्त्री, हे दुखणं उतरायला किती वेळ लागेल?"

मामंजी माझ्याकडे वळले. "किती येळ लागंल गं?"

त्यांनी मला असं कामाचं विचारलेलं हे पहिलंच. मी सरसावून बसले. "उन्हाचे दिवस आहेत. सकाळी आठला सोडता येईल. त्याच्या आधी नको."

"साडेआठला समशू येईल," साहेब म्हणाले. "तोवर पेशंटला हलवू नका." आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "पण त्यांनी स्वतः खाली उतरायला हरकत नाही. लोखंड रुतत असेल."

सकाळी आठला मी जबडे सोडले. वरचा, खालचा, वरचा. मामंजी जवळ उभे होते, हात मागं बांधून. वाळलेले मणी मीच पटाशीनं उडवले. पटाशी त्यांनीच माझ्या हातात दिली. मग त्यांनी सरळ पट्टी आणली, फळ्यावर आडवी धरली आणि डोळा खाली नेऊन पट्टीखालून उजेड येतो का बघितलं. आडवी. उभी. तिरपी. दुसरी तिरपी. पुन्हा आडवी.

"काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय न्हाई," मामंजी म्हणाले. "काय बी दिसंना. उजेडच न्हाई."

समशू पाइप घेऊन पळाला. दहा वाजता अख्खं गाव चावडीपुढं. साताऱ्याच्या साहेबांनी नळाची चावी फिरवली. नळ आधी खोकला, मग गुरगुरला, मग पाणी आलं आणि पहिल्या धारेनं साहेबांची विजार भिजवली. पोरं नाचायला लागली. उभ्या पाइपावर डोळ्यांच्या उंचीला वर्तमानपत्राची एक पट्टी घट्ट चिकटलेली होती. समशूला काढायला वेळ मिळाला नव्हता. साहेबांनी चष्मा लावून ती वाचली: "पाहिजे: सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष…" आणि डबीर साहेबांकडे बघितलं.

"जाहिरात आहे सर," डबीर साहेब म्हणाले.

"नळाची?"

"एकूणच."

मी आणि आत्याबाई बायकांच्या घोळक्यात एकमेकींना धरून उभ्या होतो, नाहीतर खाली बसलो असतो.

गर्दी ओसरल्यावर साबळे हेडमास्तर आमच्याकडे आले. पडवीतला फळा बघूनच ते आले होते. चेहरा फुललेला. "मिस्त्री, आरसा केलात. अहो, आरसा. आता दुसरा अर्धा कधी?"

मामंजींनी टोपी सारखी केली. "म्या न्हाई केला मास्तर. हिनं केला. म्या तर काल तुमास्नी नको म्हनायला तुमच्या गावाला गेलो होतो."

हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. समशू, आत्याबाई, डबीर साहेब, सगळेच.

"दुसऱ्याचं हिला इचारा," मामंजी म्हणाले. "माझ्या पोरानं खडकीला दोन खोल्या बघितल्यात. तिनं जायचं म्हटलं तर म्या अडवायचा न्हाई. तिनं ऱ्हायचं म्हटलं तर हत्यारं हाईत. मला इचारू नगासा."

 मागं नळ सुरूच होता, बायका घागरी लावून भांडत होत्या. माझ्या चोळीत ते पत्र होतं. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीतून कारखान्याचा भोंगा ऐकू येतो असं यांनी लिहिलं होतं. यांचं अक्षर गिचमिड होतं आणि मला ते फार आवडायचं. आत्याबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. नळाकडे बघत होत्या, मुद्दाम.

मी डबीर साहेबांकडे वळले.

"साहेब, त्या चार पाइपांतून आता पाणी गेलं. मला दुसरे चार लागतील. सहा फुटी, पाऊण इंची."

साहेबांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली. "आटे एका टोकाला की दोन्ही?"

"एकाच," मी म्हणाले. "दुसरं टोक मोकळं पाहिजे."